खेळाडूंची वाटणी

अमेरिकेतील धंदेवाईक फुटबॉलमध्ये १९३६ साली असा प्रघात पडला की, तळाच्या संघाने नवे खेळाडू प्रथम निवडावेत. १९४७ साली बास्केटबॉलनेही तो उचलला. संघ समबल व्हावेत हा हेतू योग्यच. परंतु त्याचे मोल खेळाडूच्या स्वातंत्र्याने द्यावे लागते. सर्वांत प्रथम निवडला गेलेला जे बर्वँगर तर त्या धंद्यात कधी उतरलाच नाही!

आपल्या खो-खोचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधले. त्याच खेळात २०२२ साली सहा संघांनी खेळाडूंची अशी वाटणी केली. गोंदियाकडील एखाद्या शाळकरी मुलास उद्या या खेळाने वेतन मिळाले, तर आम्हांस संतोषच वाटेल. मात्र कोणाकडून खेळावयाचे, हे त्यासही विचारले जावे.