मधल्या खांबाची कुळकथा

वॉटर स्कीची खास बोट पाहिली की लोक आधी इंजिन किती ताकदीचं ते विचारतात. मी बघतो तो बोटीच्या मध्यावर उभा असलेला धातूचा बुटका खांब. स्की करणाऱ्याचा दोर त्यालाच अडकवतात. इतिहास सांगणारे ही बोट शर्यतीच्या बोटींच्या वंशावळीत बसवतात. मला ते मान्य नाही. हिचं खरं कुळ बंदरात जहाजं ओढणाऱ्या टगचं आहे.

माहितीचे टप्पे भराभर सांगतो. १९२२ साली राल्फ सॅम्युएलसन मिनेसोटातल्या पेपिन तलावावर दोन फळ्यांवर उभा राहिला. १९२५ मध्ये फ्रेड वॉलरनं स्कीचं पेटंट घेतलं. १९३६ मध्ये उघडलेल्या फ्लोरिडातल्या सायप्रस गार्डन्सनं पुढे या खेळाचे प्रयोग लावले. सुरुवातीला दोर बोटीच्या मागच्या कडेलाच बांधत.

पेच आणला स्लॅलमनं, म्हणजे बोयांना वळसे घालत जायच्या प्रकारानं. २५९ मीटरची सरळ वाट, दोन्ही बाजूंना मिळून सहा बोये आणि प्रत्येक बोया मध्यरेषेपासून ११.५ मीटरवर. बोट ताशी ५८ किलोमीटरनं नाकासमोर धावते, म्हणजे सगळा खेळ सुमारे १६ सेकंदांचा. दोर सुरू होतो १८.२५ मीटरपासून आणि दर फेरीला आखूड होत जातो. शेवटी शेवटी तो ९.७५ मीटरचा उरतो, म्हणजे बोयापर्यंत पोचतही नाही. मग उरलेलं अंतर माणसानं अंग लांबवून गाठायचं. इतक्या आखूड दोरावर स्की करणारा बोटीच्या जवळजवळ बगलेला येतो आणि स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त जोरानं तिला आडवं ओढतो. दोर मागच्या कडेला असेल तर मागचा भाग त्याच्याकडे ओढला जातो, नाक उलट दिशेला फिरतं आणि सुकाणू हतबल होतं. शेपूट धरलेला बैल वळवण्यातला प्रकार.

टगवाल्यांना हा धडा केव्हाच मिळाला होता. १८०३ मध्ये ‘शार्लट डंडस’ या वाफेच्या बोटीनं स्कॉटलंडच्या कालव्यात दोन गाधे ओढून दाखवले. पुढे बंदरोबंदरी टग आले आणि त्यांचा ओढीचा आकडा मागच्या टोकाला न लावता मध्याजवळ, पंखा आणि सुकाणूच्या पुढे बसवायची रीत पडली. ओझं आडवं ओढू लागलं तरी मागचा भाग वळायला मोकळा राहतो. स्की-बोटीचा खांब नेमकं हेच काम करतो.

प्रतिपक्ष म्हणतो, हे इंजिनामुळे घडलं. मोटारगाडीचं वजनदार इंजिन बोटीच्या मध्यावर ठेवलं, त्याची पेटी आडवी आली, म्हणून दोर वर खांबावर गेला. हे पटत नाही. अमेरिकेतल्या जुन्या लाकडी धावत्या बोटींतही इंजिन मध्यावरच असे, तरी दोर मागे बांधला जाई. इंजिनानं वजन मध्यावर आणलं, लाट बसकी ठेवायला मदत केली, एवढं श्रेय त्याला देतो. खांब आणला तो आडव्या ओढीनं.

टगची अक्कल फ्लोरिडात पोचली कशी? माझा तर्क असा. तिथल्या पाइन कॅसलच्या करेक्ट क्राफ्ट कारखान्यानं १९४५ मध्ये ऱ्हाइन ओलांडणाऱ्या अमेरिकी लष्कराला शेकडो बोटी बांधून दिल्या होत्या. मिरवायच्या बोटींबरोबर कामाच्या बोटीही हाताखालून गेलेली ही माणसं. ओढ कुठे घ्यायची हे त्यांना शिकवावं लागलं नसणार. लिओ बेंट्झनं फायबरग्लासची ‘स्की नॉटिक’ घडवली आणि १९६१ मध्ये तिचे साचे याच कारखान्यानं घेतले. १९६८ मध्ये टेनेसीत रॉब शर्लीनं ‘मास्टरक्राफ्ट’ सुरू केली. बुडाखालची छोटी पाती बोटीला सरळ रेषेत धरून ठेवू लागली आणि घडण पक्की झाली.

आमच्या दिंडोरीत करंजवण, पालखेड, वाघाड अशी धरणं आहेत. पाणी शेतीचं, आवर्तन सुटलं की पातळी उतरते, आणि स्लॅलमच्या बोयांना तर पातळी स्थिर लागते. म्हणून इथे हा खेळ बारमाही चालणं अवघड. तरी पावसाळ्यानंतरच्या भरल्या जलाशयावर उद्या कुणी स्की-बोट आणायची म्हटलं, तर माझी एकच विनंती आहे. अश्वशक्ती नंतर विचारा. दोर मागच्या कडेला बांधायचा असेल, तर ती बोट सहलीला ठेवा. स्लॅलमला घेऊ नका.