‘स्पायरल जेटी’ : क्षयाचा कर्ता कोण?

मानव आणि तंत्रज्ञान यांनी निसर्गात घडवून आणलेल्या स्थित्यंतरांचा वेध घेणाऱ्या कलेची चर्चा करताना आधी निसर्ग आणि नंतर हस्तक्षेप, असा क्रम बहुधा गृहीत धरला जातो. रॉबर्ट स्मिथसन या अमेरिकन कलावंताच्या ‘स्पायरल जेटी’ (१९७०) या कृतीचा इतिहास हा क्रमच संशयास्पद ठरवतो.

यूटा राज्यातील ग्रेट सॉल्ट लेकच्या किनाऱ्यावर, रोझेल पॉइंट येथे, स्मिथसनने काळ्या बेसॉल्टचा सुमारे १५०० फूट लांब व १५ फूट रुंद असा सर्पिल बांध यंत्रांच्या साहाय्याने घातला. येथील लालसर पाण्याचे त्याला आकर्षण होते. ही लाली क्षारप्रिय सूक्ष्मजीवांची. परंतु त्यांना पोषक अशी तीव्र क्षारता सरोवराच्या उत्तर भागात आली ती १९५९ साली पूर्ण झालेल्या रेल्वेच्या भरावामुळे. भरावाने सरोवर दुभंगले आणि नद्यांचे गोडे पाणी मुख्यतः दक्षिणेकडेच राहिले. कलावंताला लाभलेला ‘निसर्ग’ असा आधीच घडवलेला होता.

पुढे पाणी चढले व बांध बुडाला. १९७३ मध्ये विमान अपघातात स्मिथसनचा मृत्यू झाला. सुमारे तीन दशके ही कृती प्रामुख्याने छायाचित्रे, स्मिथसनचा लघुपट आणि त्याचा निबंध यांतूनच वाचली गेली. २००२ च्या सुमारास दुष्काळात ती पुन्हा उघडी पडली. २०२२ मध्ये तर सरोवराने नोंदींतील नीचांक गाठला. त्यामागे अवर्षणाबरोबरच शेती व शहरांसाठी वळवलेले नद्यांचे पाणी होते.

येथे समीक्षेपुढे खरा पेच उभा राहतो. स्मिथसनच्या विचारात ‘एन्ट्रॉपी’, म्हणजे व्यवस्थेचा अटळ क्षय, ही संकल्पना केंद्रस्थानी होती. तिच्या आधारे सरोवराचे आटणे हाही कृतीच्या आशयाचाच विस्तार मानता येईल. हे वाचन सुसंगत असले तरी निष्पाप नाही. ‘क्षय’ ही अकर्तृक संज्ञा आहे. वळवलेल्या पाण्याला मात्र कर्ते असतात आणि लाभधारकही असतात. भरावामुळे आलेली लाली आणि उपशामुळे उघडे पडलेले दगड यांना केवळ काळाची लीला मानणे, म्हणजे इतिहासाचे सौंदर्यात विसर्जन करणे होय. ‘स्पायरल जेटी’चे वाचन बांधाच्या टोकाशी संपत नाही, रेल्वेचा भराव व नद्यांचे कालवे हेही तिच्या संहितेचे भाग मानावे लागतात.