एक्स्चेंजमधला नवा ऑपरेटर

शासकीय सेवेच्या निमित्ताने मी प्रथम मद्रासला आलो ते ऐंशीच्या दशकाच्या आरंभी. त्या काळी साताऱ्याला घरी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवावा लागे. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे चढत्या दराचे प्रकार होते. एके रात्री आईच्या आजारपणाची तार आली. लाइटनिंग कॉल माझ्या पगारात बसणारा नव्हता, म्हणून ऑर्डिनरीच नोंदवला. ऑपरेटर बाईंनी माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमधली घालमेल ओळखली असावी, कारण अर्ध्या तासात कॉल जोडला गेला. मी कृतज्ञ झालो. रांगेत माझ्यापुढे कोण होते, हा प्रश्न मात्र मला पुष्कळ वर्षांनी पडला.

दूरसंचाराचा इतिहास हा बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. माझ्या मते तो निर्णयाधिकाराचाही इतिहास आहे. कोणाचा कॉल जोडायचा, कोणाचा थांबवायचा, हे ठरवणार कोण?

२८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथील टेलिफोन एक्स्चेंज खुली झाल्याची घोषणा झाली. ओरिएंटल टेलिफोन कंपनीकडे त्यांचा परवाना होता. त्या काळी प्रत्येक संभाषण एका माणसाच्या हातून जोडले जाई. पुढे अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या आल्मन स्ट्राउजर यांना १८९१ मध्ये स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट मिळाले. हे गृहस्थ अंत्यविधीचे व्यावसायिक होते. आख्यायिका अशी, की एक्स्चेंजमधील ऑपरेटर त्यांच्या प्रतिस्पर्ध्याची पत्नी होती आणि स्ट्राउजरांची गिऱ्हाइके ती परस्पर नवऱ्याकडे वळवीत असे. आख्यायिका खरी असो वा नसो, यंत्राचा गुण तिच्यात नेमका सापडतो. ते कोणाचा पक्ष घेत नाही. फिरवलेला आकडा तेवढा पाळते. भारतात असे पहिले एक्स्चेंज १९१३-१४ मध्ये शिमल्यास सुरू झाले. १९८४ मध्ये सी-डॉटची स्थापना झाल्यावर देशी बनावटीची डिजिटल एक्स्चेंज खेड्यापाड्यांत पोहोचली. ऑपरेटर हळूहळू नाहीसा झाला, आणि त्याच्याबरोबर त्याची मेहेरबानी व मर्जीही गेली.

कृत्रिम बुद्धिमत्तेने तो आता परत आणला आहे, आणि हाच मला या तंत्रज्ञानाने घडवलेला सर्वांत मोठा बदल वाटतो. मनोऱ्यांवरील भार आधी ओळखणे, बिघाडाचे भाकीत करणे, रात्री वीज वाचवणे ही तिची कामे निर्वेध आहेत. पण ती माणसांविषयीही मत बनवू लागली आहे. दूरसंचार विभागाची ‘अस्त्र’ ही प्रणाली सिमकार्डधारकांच्या छायाचित्रांतील चेहरे ताडून एकाच चेहऱ्यावर निरनिराळ्या नावांनी घेतलेल्या जोडण्या शोधते. मे २०२३ मध्ये शासनाने सांगितले, की तिने ४० लाखांहून अधिक जोडण्या संशयित ठरवल्या व ३६ लाखांहून अधिक तोडण्यात आल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये एअरटेलने नकोशा कॉलची सूचना थेट नेटवर्कमधून देण्यास आरंभ केला. पुढे ती मराठी व तमिळसह दहा भारतीय भाषांत मिळू लागली. परमुलखात एकट्या राहणाऱ्या वृद्ध मराठी माणसाला पोलिसाचे सोंग घेऊन धमकावणारा भामटा गाठतो, तेव्हा पडद्यावर मराठीत उमटलेली सूचना त्याची आयुष्यभराची पुंजी वाचवू शकते. हे श्रेय नाकारणे कोतेपणाचे ठरेल.

तरीही नाण्याची दुसरी बाजू मी चेन्नईतच पाहिली. मैलापूरला माझ्या परिचयाचे एक तंजावरी मराठी कुटुंब आहे. त्यांची कन्या घरगुती डब्यांचा व्यवसाय करते. रोज सकाळी ती साठ-सत्तर जणांना फोन करते आणि आज डबा हवा की नको, एवढेच विचारते. गेल्या वर्षी ग्राहकांच्या पडद्यावर तिच्या नावाऐवजी ‘संशयित’ असा शिक्का उमटू लागला. तो कंपनीने मारला की ग्राहकांच्या फोनमधील एखाद्या ॲपने, हेही तिला कळेना. महिनाभर तिचे फोन कोणी उचलत नव्हते. मग एके दिवशी शिक्का आपोआप गेला. तो का लागला आणि का गेला, कोणी सांगितले नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने नियमांत दुरुस्ती करून कंपन्यांना कॉलचे नमुने तपासण्यास सांगितले. असाधारण संख्येने कॉल, अल्प कालावधी, येणाऱ्यांच्या तुलनेत जाणारे कॉल फार, या त्यांतील खुणा. लबाड ओळखण्यास त्या योग्यच आहेत. परंतु प्रामाणिक डबेवालीही त्यांत तंतोतंत बसते.

प्रशासनात आम्हांला पहिला धडा मिळतो तो नैसर्गिक न्यायाचा. आधी कारणे दाखवा नोटीस, मग सुनावणी, मग सकारण आदेश. दूरसंचारात दाद मागण्याचा हक्क सहजी मिळालेला नाही. १८८५ च्या तार कायद्यातील लवादाच्या कलमावर बोट ठेवून सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये टेलिफोनच्या तक्रारींसाठी ग्राहक मंचाचा दरवाजा बंद केला होता. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने तो पुन्हा उघडला. मात्र तेथे जाण्यासाठीही आपल्याविरुद्ध निर्णय झाला आहे आणि तो कोणी केला, हे तरी ठाऊक असावे लागते. ट्रायने जुलै २०२३ च्या शिफारशींत, माणसांवर थेट परिणाम करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरावर कायदेशीर बंधने असावीत, असे सुचवले होते. त्या बंधनांत तीन साध्या गोष्टी असाव्यात: शिक्का लागल्याची सूचना, त्याचे कारण, आणि ठरावीक मुदतीत तो काढण्याचा अधिकार असलेला एक जबाबदार माणूस.

त्या रात्रीच्या ऑपरेटर बाईंनी माझ्यासाठी नियम वाकवला असेल, तर ते चुकलेच; रांगेतल्या दुसऱ्या कोणाचीही आई आजारी असू शकत होती. पण त्यांच्याशी बोलता येत होते. नव्या ऑपरेटरकडून मी मेहेरबानी मागत नाही. माझे म्हणणे ऐकून घेणारे कोणीतरी तेथे असावे, एवढीच अपेक्षा आहे.