एक चौकट, अनेक डबे: बार्शी लाइट रेल्वेची वाघीण आणि तिची प्रतिकृती

आगगाडीच्या डब्याची जोडणी-प्रतिकृती, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून घरी जुळवून उभा करायचा लहान डबा, ही वस्तू सहसा छंदाच्या इतिहासात गणली जाते आणि रेल्वेच्या इतिहासात तिला जागा मिळत नाही. तथापि महाराष्ट्रात एक लोहमार्ग असा होऊन गेला की त्याच्या खऱ्या वाघिणी, म्हणजे मालवाहू डबे, ज्या विचाराने आखल्या गेल्या तोच विचार आजही अशा संचाच्या मुळाशी असतो. तो मार्ग म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. भांडवल थोडे, रूळ हलके आणि माल मात्र भरपूर, या तिढ्यातून तिच्या डब्याची रचना घडली.

हा तिढा समजण्यासाठी मुख्य मार्गांनी काय वगळले ते पाहावे लागते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने सह्याद्री दोन ठिकाणी ओलांडला: बोरघाट १८६३ मध्ये आणि थळघाट १८६५ मध्ये खुला झाला. या दोन घाटांच्या मधला जुन्नर-आंबेगावचा टापू, ज्याचा नाणेघाट प्राचीन काळापासून कल्याण बंदराकडे जाणारा व्यापारी मार्ग होता, रुळांपासून दूरच राहिला. कुकडीच्या काठी वसलेल्या ओझरच्या विघ्नेश्वराला येणारा भाविक त्यामुळे बैलगाडीने आणि पुढे मोटारीनेच येत राहिला. मुख्य मार्गापासून दूर राहिलेल्या अशा बाजारपेठांना आणि तीर्थक्षेत्रांना जोडण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘फीडर’ मार्गांची, म्हणजे मुख्य मार्गाला माल आणि प्रवासी पुरवणाऱ्या स्वस्त उपमार्गांची, कल्पना पुढे आली. जुन्नरच्या वाट्याला असा मार्ग आला नाही. कापूस आणि धान्याच्या व्यापारासाठी नावाजलेल्या बार्शीच्या वाट्याला तो आला.

या मार्गाचा शिल्पकार एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत भारतात आलेला इंग्रज अभियंता होता. बार्शीसाठी त्याने दोन फूट सहा इंचांचे, म्हणजे ७६२ मिलिमीटरचे गेज निवडले. गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर, आणि भारतातील ब्रॉडगेजच्या १,६७६ मिलिमीटरांच्या तुलनेत हे माप निम्म्याहूनही कमी होते. गेज लहान केले की डबाही त्याच प्रमाणात लहान करायचा, हा तेव्हाचा सरधोपट हिशेब कॅल्थ्रॉपने नाकारला. त्याने आधी आसभार ठरवला. आसभार म्हणजे चाकांची एक जोडी रुळांवर टाकते तेवढे वजन. ते इंजिनापासून वाघिणीपर्यंत सर्वत्र पाच टनांवर बांधून घातल्यामुळे दर यार्डाला तीस पौंड वजनाचा हलका रूळही पुरेसा ठरला. मग प्रश्न एवढाच उरला की या मर्यादेत जास्तीत जास्त माल कसा न्यायचा. त्याचे उत्तर बोगीत होते. बोगी म्हणजे डब्याखाली स्वतंत्रपणे वळणारी, दोन आसांची गाडी. अशा दोन बोग्यांवर डबा बसवला की चार आसांवर मिळून वीस टनांचा एकूण भार पेलता येतो आणि लांब डबाही तीव्र वळण सहज घेतो. इंजिनाच्या बाबतीतही हेच सूत्र लावून लीड्सच्या किट्सन कंपनीने आठ चालक चाकांची इंजिने घडवली, जेणेकरून वजन अनेक आसांवर वाटले जावे.

वाघिणींची लांबी पंचवीस फूट आणि रुंदी सात फूट ठरली, म्हणजे डबा गेजच्या पावणेतीन पटींहून अधिक रुंद होता, तर ब्रॉडगेजवर हेच प्रमाण साधारण दुपटीचे असते. याहून महत्त्वाचे म्हणजे निरनिराळ्या प्रकारच्या मालडब्यांखाली एकाच मापाची चौकट वापरली गेली. ही चौकट लीड्स फोर्ज कंपनीच्या दाबीव पोलादाची होती: तापवलेला पत्रा जलदाबाच्या यंत्राखाली साच्यात दाबून एकाच पत्र्यातून कडा वळलेली तुळई तयार केली जाई, त्यामुळे अनेक तुकडे रिव्हेटांनी जोडण्याची गरज कमी होई, डब्याचे स्वतःचे वजन घटे आणि वाचलेले वजन मालाच्या कामी येई. साचा महाग असतो, पण एकदा तयार झाला की त्यातून निघणारा प्रत्येक भाग सारखाच उतरतो. म्हणून साच्याचा खर्च जितक्या अधिक डब्यांवर पसरेल तितका प्रत्येक डबा स्वस्त पडतो, आणि दुरुस्तीसाठी साठवायचे सुटे भागही कमी लागतात.

१८९४ मध्ये लीड्सजवळच्या न्यूले येथे चाचणीमार्ग टाकून ही इंजिने व डबे अभियंत्यांना चालवून दाखवण्यात आले, आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा मार्ग सुरू झाला. पुढे तो एका बाजूस लातूरपर्यंत आणि दुसऱ्या बाजूस पंढरपूरमार्गे १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचून सुमारे ३२५ किलोमीटरांचा झाला. आषाढी-कार्तिकीच्या गर्दीत वारकऱ्यांना नेण्यासाठी मालडबेही जुंपले जात. बार्शीचा कापूस नेणारी वाघीण वारीच्या दिवसांत प्रवासी डबा होऊ शकत होती.

प्रतिकृतीचा आराखडा करणाऱ्याचे गणित वरवर कॅल्थ्रॉपच्या गणिताच्या अगदी उलट असते, कारण त्याला सर्व लांब्या एकाच प्रमाणात घटवायच्या असतात. मोठ्या आकाराच्या प्रतिकृतींत १:२२.५ हे प्रमाण रूढ आहे. न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीने १९६८ मध्ये बाजारात आणलेल्या एलजीबी गाड्यांनी ते लोकप्रिय केले, आणि त्यांचा ४५ मिलिमीटरचा रूळ मीटरगेजचे प्रतिनिधित्व करतो. या प्रमाणात बार्शीची वाघीण सुमारे ३३९ मिलिमीटर लांब आणि ९५ मिलिमीटर रुंद होते. गेज मात्र जवळजवळ ३४ मिलिमीटर येते, त्यामुळे ४५ मिलिमीटरच्या तयार रुळावर ती नेमकी बसत नाही आणि मापाशी तडजोड करायची की रूळच वेगळे घालायचे, हा निर्णय आराखड्याच्या पहिल्याच पानावर घ्यावा लागतो. वजनाचे त्रैराशिक वेगळेच आहे. लांबी २२.५ पटींनी घटली की वजन त्या संख्येच्या घनाने, म्हणजे सुमारे ११,४०० पटींनी घटते, आणि वीस टनांची भरलेली वाघीण पावणेदोन किलोंच्या आसपास उतरते. वळणाचीही तीच गत आहे: एलजीबीचे सर्वांत तीव्र वळण ६०० मिलिमीटर त्रिज्येचे असते, जे प्रत्यक्षात साडेतेरा मीटर ठरेल, तेवढ्या वळणावर डबा फिरावा म्हणून कपलिंग, म्हणजे दोन डबे जोडणारा आकडा, चौकटीऐवजी बोगीवर बसवतात.

भाग घडवतानाही साचा आपल्या अटी घालतो. सहा मिलिमीटरचा पोलादी पत्रा या प्रमाणात पाव मिलिमीटरहून किंचित जाड होईल, आणि प्लास्टिकचा एवढा पातळ भाग हाताळताच मोडेल. म्हणून भिंत जाड ठेवून केवळ दिसणारी कड तासतात. साच्यातून भाग अडकल्याशिवाय सुटावा यासाठी उभ्या बाजूंना किंचित उतार देतात, आणि प्लास्टिक थंड होताना आकसते म्हणून साचा तेवढाच मोठा कोरतात. थोड्याच प्रती काढायच्या असतील तर पोलादी साच्याऐवजी सिलिकॉन रबराचा साचा करून त्यात रेझिन ओततात. मात्र कोणत्याही पद्धतीत उत्पादकाची धडपड एकच असते: चौकट आणि बोग्यांचा एकच संच ठेवून त्यावर उघडी वाघीण, बंद वाघीण आणि गार्डाचा डबा असे निरनिराळे संच विकता यावेत. इथे प्रतिकृतीकार आणि कॅल्थ्रॉप एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

महाराष्ट्रात या छंदाला सार्वजनिक रूप पुण्यात मिळाले. भाऊसाहेब जोशी यांच्या आयुष्यभराच्या हौसेतून उभे राहिलेले लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी कोथरूड भागात खुले झाले. अशा मांडणीत सर्वाधिक चालणारे १:८७ हे प्रमाण आणि त्याचा १६.५ मिलिमीटरचा रूळ युरोपच्या १,४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी ठरलेला असल्यामुळे भारतीय ब्रॉडगेज त्यावर मापाने उतरत नाही. त्याला १९ मिलिमीटरांहून अधिक रुंदी लागेल. परदेशी तयार संचांवर पोसलेल्या छंदात देशी गाडी मागे राहिली, त्याचे एक कारण या मापातच आहे.

बार्शी लाइट रेल्वे १९५४ मध्ये सरकारने ताब्यात घेतली आणि एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीस तिच्या मार्गांचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. आता त्या वाघिणीची मोठ्या प्रमाणातील प्रतिकृती कोणी काढू लागला, तर त्याला सजावटीपेक्षा आधी तिचा क्रम पाळावा लागेल: प्रथम आसभार, मग बोगी, मग चौकट आणि शेवटी वरचा डबा. या क्रमाने केलेला संच जुळवणाऱ्याला डब्याचा आकार तर मिळेलच, पण हलक्या रुळांवर इतका रुंद डबा का चालू शकला, याचे कारणही त्याच्या हातांना कळेल.