परळच्या जंतूची गोष्ट

मंडळी, हा भाग बैलकुप्प्यात रेकॉर्ड करतो आहे. १९६१ पासून वसलेल्या इथल्या तिबेटी वसाहतीत क्षयरोग काय असतो हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. निर्वासितांच्या पहिल्या पिढीपासून हा रोग त्यांची पाठ सोडत नाही. आज मात्र मी बोलणार आहे क्षयाच्या जंतूच्या भावंडाबद्दल, म्हणजे कुष्ठरोगाच्या जंतूबद्दल, आणि त्याच्यामागे लागलेल्या मुंबईच्या माणसांबद्दल.

हान्सेननं हा जंतू १८७३ मध्ये पाहिला. तेव्हापासून आजतागायत तो प्रयोगशाळेतल्या बशीत कुणालाही वाढवता आलेला नाही. जंतू वाढवता येत नाही म्हटल्यावर लस करायची कशापासून?

१९५८ मध्ये परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमधून एक दावा आला. चि. वा. बापट, कमल रणदिवे आणि संस्थेचे संचालक डॉ. वसंत खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या गाठीतून एक जंतू वेगळा काढून वाढवला होता. कॅन्सरच्या संस्थेत कुष्ठरोग कसा, असं तुम्हाला वाटेल. खानोलकरांना दोन्ही रोगांत रस होता, आणि रणदिवेबाई अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी शरीराबाहेर वाढवायचं तंत्र शिकून आल्या होत्या. हे तेच गाय, ज्यांच्या प्रयोगशाळेत प्रसिद्ध ‘हेला’ पेशी वाढल्या. मानवी मज्जापेशींच्या संगतीत हा जंतू वाढला आणि संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं ‘आयसीआरसी’.

मग वाद सुरू झाला. हा कुष्ठरोगाचा खरा जंतू नव्हेच, असं इतर म्हणू लागले. त्यांचं बरोबर होतं. तो क्षयजंतूच्या गोतावळ्यातला, ‘एव्हियम’ गटातला निघाला. गोष्ट इथेच संपली असती, पण तसं झालं नाही ते डॉ. माधव देव यांच्यामुळे.

देव मूळचे विकृतिशास्त्राचे. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये रामलिंगस्वामींबरोबर त्यांनी प्रथिनं कमी मिळालेल्या माकडांच्या शरीरात काय बिघडतं याचा अभ्यास केला होता. पुढे ते परळच्या संस्थेत आले आणि संचालक झाले. त्यांच्या कामातला मुख्य धागा मला असा दिसतो: जंतू खरा की तोतया, यापेक्षा शरीर त्याला ओळखतं का, हे महत्त्वाचं. गाईच्या देवीनं माणसाची देवी रोखता येते, हे आपण जेन्नरपासून जाणतोच.

कुष्ठरोगाच्या सर्वांत वाईट प्रकारात रुग्णाच्या पांढऱ्या पेशी या एकाच शत्रूपुढे गप्प बसतात. लेप्रोमिनची सुई टोचली तरी कातडी ढिम्म हलत नाही. देव, बापट आणि सहकाऱ्यांनी गॅमा किरणांनी मारलेला आयसीआरसी जंतू अशा रुग्णांना टोचला, तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांची कातडी लेप्रोमिनला उत्तर देऊ लागली. लस तयार झाली ती १९७९ मध्ये. शिवाय ती बशीत वाढणाऱ्या जंतूची. खऱ्या कुष्ठजंतूसाठी आर्माडिलो नावाचा अमेरिकी प्राणी पाळावा लागे!

खरी परीक्षा झाली चेन्नईजवळ. डॉ. मोहन गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९९१ पासून अडीच वर्षांत १,७१,४०० लोकांना चारपैकी एक लस किंवा नुसतं मिठाचं पाणी टोचलं गेलं. कुणाला काय टोचलं ते टोचणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. १९९८ मध्ये निकाल छापून आला. बीसीजी ३४.१ टक्के संरक्षण, दिल्लीची ‘एमडब्ल्यू’ लस २५.७, बीसीजी अधिक मारलेला खरा कुष्ठजंतू ६४, आणि आयसीआरसी ६५.५ टक्के.

चाळीस वर्षांपूर्वी तोतया ठरलेला जंतू खऱ्याच्या पंक्तीला बसला होता. अर्थात आकड्याला दीड टक्का जास्त म्हणून नाचू नये. आयसीआरसीचं खरं संरक्षण ४८ ते ७७ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतं, असं तोच अहवाल सांगतो.

पण तोवर काळ पुढे गेला होता. बहुऔषधी उपचार १९८० च्या दशकात आले, रुग्ण भराभर बरे होऊ लागले, आणि २००५ च्या अखेरीस भारतानं कुष्ठरोगाचं सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून ‘निर्मूलन’ झाल्याचं जाहीर केलं. दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. आजही देशात वर्षाला लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात.

परळची लस राष्ट्रीय कार्यक्रमात आली नाही. बाजारात पोचली ती २५.७ टक्क्यांची ‘एमडब्ल्यू’. तिच्या बाजूनं सांगायचं तर कानपूरजवळ घाटमपूरला रुग्णांच्या घरच्या माणसांत तिनं सुरुवातीला ६८.६ टक्के संरक्षण दिलं होतं, जे तिसऱ्या पाहणीपर्यंत ३९.३ वर उतरलं. दोन्ही लसी पुन्हा एकाच गावात, एकाच वेळी, रुग्णांच्या घरच्यांना देऊन पाहाव्यात असं मला फार वाटतं.