शिशूंचा गतिविकास : मुंबईतील अभ्यासाचा व उपचारांचा इतिहास

शिशूंचा गतिविकास : जन्मापासून साधारणपणे दोन वर्षांपर्यंतच्या काळात मूल मान धरणे, कुशीवर वळणे, पालथे पडणे, बसणे, रांगणे, उभे राहणे व चालणे या क्रिया क्रमाक्रमाने आत्मसात करते. या प्रक्रियेस गतिविकास म्हणतात. स्नायू, अस्थी व तंत्रिका तंत्र यांची वाढ आणि भोवतालच्या परिस्थितीने दिलेली संधी या दोहोंवर तो अवलंबून असतो. मराठी घरांना हा क्रम पूर्वापार परिचित आहे. त्याकडे आरोग्याचा निदर्शक म्हणून पद्धतशीरपणे पाहण्याची दृष्टी मात्र मुंबईत विसाव्या शतकात रुजली. गिरगाव चौपाटी, परळ व हाजी अली या भागांतील संस्थांचा त्यात मोठा वाटा आहे. ज्या मुलांची हालचाल आजाराने थांबली होती किंवा मोठ्या माणसांनी थांबवली होती, त्यांच्या निकडीतून ही दृष्टी घडली, हे या इतिहासाचे वैशिष्ट्य होय.

जन्मजात प्रतिक्षेपी क्रिया : नवजात शिशूच्या बहुतेक हालचाली अनैच्छिक असतात. गालाला बोट लावल्यास ते तोंड त्या बाजूस वळवते, तळहातावर बोट ठेवल्यास मूठ आवळते, तर आधार देऊन पावले टेकविल्यास चालल्यासारखे पाय उचलते. डोक्याचा आधार एकाएकी ढिला झाल्यास मूल दोन्ही हात फाकवून पुन्हा छातीशी घेते. घरात याला ‘बाळ दचकले’ असे म्हणतात. या क्रियेचे वर्णन हायड्लबर्ग येथील बालरोगतज्ञ एर्न्स्ट मोरो यांनी १९१८ मध्ये केले, म्हणून तिला मोरो प्रतिक्षेप हे नाव पडले. पावले उचलण्याची क्रिया सुमारे दोन महिन्यांत, तर मूठ आवळणे व मोरो प्रतिक्षेप साधारणपणे चार ते सहा महिन्यांत मावळतात. उलट, पडू लागताच हात पुढे टेकण्याची क्रिया आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास प्रकट होते व जन्मभर टिकते.

वैद्यकाच्या दृष्टीने या क्रियांचे असणे जेवढे महत्त्वाचे, तेवढेच त्यांचे वेळेवर मावळणेही महत्त्वाचे असते. जन्मतः त्या न आढळल्यास किंवा शरीराच्या एकाच बाजूस आढळल्यास इजेची शंका घ्यावी लागते. नियत काळानंतरही त्या टिकून राहिल्यास मेंदूचे वरिष्ठ नियंत्रण प्रस्थापित झाले नसल्याचा संभव असतो. [⟶ तंत्रिका तंत्र, प्रतिक्षेपी क्रिया].

पारंपरिक ज्ञान : तेल लावून अंग चोळणे, टाळू भरणे, न्हाऊ घालून धुरी देणे व गुंडाळून पाळण्यात निजविणे हा महाराष्ट्रातील शिशुसंगोपनाचा रूढ क्रम होय. अंग चोळणारी अनुभवी बाई व घरातील आजी यांना कोणते मूल अंगाने सैल आहे आणि कोणते ताठ आहे, हे हाताला जाणवत असे. उभे राहू लागलेल्या मुलास चालण्याचा सराव व्हावा म्हणून लाकडी तीनचाकी पांगुळगाडा देण्यात येई.

या ज्ञानाची शास्त्रीय बाजूही प्राचीन आहे. गिरगावलगतच्या काळबादेवी भागातील निर्णयसागर छापखान्यातून १९३८ मध्ये काश्यपसंहिता प्रथमच मुद्रित होऊन प्रसिद्ध झाली. नेपाळात उपलब्ध झालेल्या खंडित हस्तलिखितावर आधारलेला हा ग्रंथ कौमारभृत्य म्हणजे बालवैद्यकाविषयीचा आहे. शिशूस सहाव्या महिन्यात जमिनीवर बसवावे, तथापि फार वेळ बसवून ठेवू नये, कारण त्यामुळे कंबर व पाठ यांना अपाय होतो, असे त्यात सांगितले आहे. वर्षाचे होऊनही जे मूल पायांनी चालत नाही, त्याच्या विकारास ग्रंथकर्त्याने ‘फक्क’ असे नाव दिले असून दूषित दूध, मातेची पुन्हा झालेली गर्भधारणा व अन्य व्याधी अशी तीन कारणे कल्पून त्याचे तीन प्रकार केले आहेत. अशा मुलासाठी तीन चाकांचा रथ करावा, असेही सांगितले आहे. पांगुळगाड्याशी या रथाचे साम्य उघड आहे. चालण्यातील विलंब हा दैवाचा भाग न मानता त्याची कारणे शोधावीत व त्यावर उपाय करावा, हा विचार येथे स्पष्टपणे दिसतो.

चाळीतील व गिरणगावातील शिशू : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरगावात मध्यमवर्गीयांच्या, तर परळ-लालबाग भागात गिरणी कामगारांच्या चाळी मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या. एक किंवा दोन खोल्या व पुढे सामाईक सज्जा अशी त्यांची रचना असे. गिरगावात आई सहसा घरीच असल्याने आणि शेजारपाजारच्या स्त्रिया मुलावर लक्ष ठेवीत असल्याने सज्जा हेच शिशूचे रांगण्याचे अंगण बनले. गिरणगावात मात्र अनेक माता दिवसभर साच्यांवर वा कांडी भरण्याच्या खात्यात राबत. मूल रडू नये व जागचे हलू नये म्हणून त्यास अफूमिश्रित ‘बाळागोळी’ चारण्याची चाल त्या भागात पडली. उगाळून द्यावयाच्या बाळगुटीहून ही गोळी अगदी वेगळी होती. औद्योगिक कामगार स्त्रियांच्या स्थितीची १९२२ मध्ये पाहणी करणाऱ्या एफ्. डी. बार्न्स या महिला वैद्यांनी अशा स्त्रियांच्या शिशूंपैकी ९८ टक्क्यांना अफू दिली जात असल्याचे नमूद केले. अफूने भूक मंदावते, श्वसन क्षीण होते व मूल सुस्त पडून राहते. अंग हलविण्याची, वळण्याची व धडपडण्याची जी संधी गतिविकासास आवश्यक असते, तीच या मुलांकडून हिरावून घेतली जात होती. यात मातेच्या निष्काळजीपणापेक्षा तिच्या असहायतेचा भाग मोठा होता. मूल सांभाळणारे कोणी नसताना मजुरी बुडविणे तिला परवडणारे नव्हते.

त्याच सुमारास, १९२१ मध्ये, मुंबईतील अर्भकमृत्यूचे नोंदलेले प्रमाण दर हजार जन्मांमागे ६०० हून अधिक होते. अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात. त्यामुळे जन्माची नोंद गावी व मृत्यूची नोंद शहरात होऊन हा आकडा काही अंशी फुगला होता. तरीही परिस्थितीची भीषणता त्यातून लक्षात येते. परळ येथे १९२६ मध्ये नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह व १९२९ मध्ये बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय सुरू झाले. मुंबई प्रांताचा प्रसूतिविषयक लाभाचा कायदाही १९२९ मध्येच झाला. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने, जेथे ठराविक संख्येहून अधिक स्त्रिया काम करतात अशा कारखान्यांना पाळणाघर ठेवणे बंधनकारक केले. शिशूस मोकळेपणाने हातपाय हलविता येणे हा अशा रीतीने कामगार कायद्याचाही विषय बनला.

बालपक्षाघात व चौपाटीवरील चिकित्सालय : बालपक्षाघाताचे विषाणू मेरुरज्जूतील प्रेरक कोशिकांचा नाश करतात. परिणामी अवयव लुळा पडतो व त्यातील प्रतिक्षेप नाहीसे होतात. नुकतेच चालू लागलेले मूल एखाद्या तापानंतर पुन्हा उभेच राहू शकत नाही, हा अनुभव त्या काळी अनेक कुटुंबांना आला. फातमा इस्माइल यांची लहान मुलगी या रोगाने आजारी पडली, तेव्हा नागरी मुलांसाठी मुंबईत योग्य सोय नसल्याने त्यांना मद्रास व पुणे येथे उपचार शोधावे लागले. या अनुभवातून त्यांनी १९४७ मध्ये मुंबईत बालपक्षाघातग्रस्त मुलांसाठी चिकित्सालय सुरू केले. त्यासाठी शल्यचिकित्सक ए. व्ही. बाळिगा यांनी गिरगाव चौपाटीवरील आपली जागा उपलब्ध करून दिली. व्यायाम, मर्दन व आधारपट्ट्या यांच्या साहाय्याने लुळ्या स्नायूंतील शिल्लक शक्ती वाढविणे हे तेथील उपचारांचे सूत्र होते. या कार्यातून पुढे अपंग बालकांच्या पुनर्वसनाची संस्था व हाजी अली येथील मुलांचे अस्थिरोग रुग्णालय उभे राहिले. फातमा इस्माइल यांना १९५८ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

मुंबईत १९४९ मध्ये या रोगाची साथ उद्‌भवली आणि त्याच वर्षी त्याच्या संशोधनासाठी शहरात स्वतंत्र विभाग स्थापन झाला. हाच विभाग नंतर परळच्या हाफकिन संस्थेच्या आवारात आला. [⟶ बालपक्षाघात].

मेंदूजन्य अंगघात : चौपाटीवरील कामाचा रोख लुळ्या अवयवांवर होता. तथापि न चालणाऱ्या मुलांमध्ये एक निराळा गटही असतो. त्यांचे अवयव लुळे नसून बहुधा ताठ असतात व बाल्यावस्थेतील प्रतिक्षेप नाहीसे होण्याऐवजी वाजवीपेक्षा अधिक काळ टिकतात. इंग्लंडमधील शस्त्रवैद्य विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ मध्ये अशा ताठरपणाचा संबंध कष्टप्रद वा अकाली प्रसूतीशी जोडला होता. सेरेब्रल पाल्सी या नावाने परिचित असलेल्या या विकारात दोष मेंदूत असतो, स्नायूंत नसतो. लंडनमध्ये १९४० नंतरच्या काळात बेर्टा व कारेल बोबाथ या दांपत्याने मुलास योग्य प्रकारे धरून व बसवून त्याच्या हालचालींना वळण देण्याची पद्धती विकसित केली. मुंबईत अस्थिरोगतज्ञ पेरीन मुल्लाफिरोज यांनी या मुलांच्या उपचारांचा पाया घातला. मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था मुंबईत स्थापन करून उपचारांना शिक्षणाची जोड दिली. जे मूल चालू शकत नाही ते शिकूही शकणार नाही, हा समज खोटा ठरविणे हे तिचे प्रमुख कार्य होय.

मोजमापाचा प्रश्न : विलंब ओळखावयाचा तर सामान्य काय ते ठरवावे लागते. अमेरिकेत आर्नल्ड गेसेल व नॅन्सी बेली यांनी तयार केलेली कोष्टके भारतात बराच काळ जशीच्या तशी वापरली जात. मात्र ज्या मुलांना जमिनीवर, मांडीवर वा कडेवर वाढविले जाते, त्यांना परदेशी कसोट्या कितपत लागू पडतात, ही शंका होती. बडोदे येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी भारतीय शिशूंचे निरीक्षण करून बेलींच्या श्रेणीचे भारतीय रूप १९७० च्या सुमारास सिद्ध केले. त्याची सुधारित आवृत्ती १९९७ मध्ये पुण्याहून प्रसिद्ध झाली. तीत गतिविकासाच्या ६७ व मानसिक विकासाच्या १६३ बाबी आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतील ८१६ मुलांच्या निरीक्षणांवरून २००६ मध्ये सहा टप्प्यांच्या कालमर्यादा प्रसिद्ध केल्या. भारतातील केंद्र दिल्ली येथे होते. तीनुसार आधाराशिवाय बसणे ३·८ ते ९·२ महिन्यांच्या, तर स्वतंत्रपणे चालणे ८·२ ते १७·६ महिन्यांच्या दरम्यान साध्य होते. सुमारे ४·३ टक्के निरोगी मुले हातगुडघ्यांवर मुळीच न रांगता चालू लागतात. काश्यपसंहितेतील एका वर्षाची मर्यादा या दृष्टीने कडक ठरते, मात्र मर्यादा असावी हे तिचे म्हणणे यथार्थ आहे.

नवे विचार : गतिविकास हा केवळ मेंदूच्या पक्वतेचा परिणाम होय, हे जुने मत आता मागे पडले आहे. एस्टर थेलेन यांनी १९८० नंतरच्या दशकात असे दाखविले की, शिशूची पावले उचलण्याची क्रिया नाहीशी झाल्यासारखी वाटते याचे एक कारण पायांचे वाढलेले वजन हे होय. कारण पाण्यात उभे धरताच तीच क्रिया अधिक दिसू लागते. शरीर, सराव व परिसर यांचे महत्त्व यावरून लक्षात येते. पारंपरिक पांगुळगाड्यात मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून गाडा ढकलते, तर आधुनिक बैठ्या चालकगाडीत ते आसनावर टेकून पायांनी नुसते सरकते. अशा गाडीने चालणे लवकर येत नाही व अपघातांचा धोका वाढतो. कॅनडाने २००४ मध्ये तिच्यावर बंदी घातली.

सद्यःस्थिती : भारतात नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या बालपक्षाघाताचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश या रोगापासून मुक्त झाल्याचे प्रमाणित झाले. चौपाटीवरील चिकित्सालयास कारणीभूत झालेला रोग अशा रीतीने मागे हटला. अकाली जन्म व जन्मसमयीची इजा यांमुळे उद्‌भवणारे विलंब मात्र कायम आहेत. कमी दिवसांची मुले आता अधिक प्रमाणात वाचत असल्याने त्यांच्या हालचालींवरील देखरेखीची गरज वाढलीच आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातील विलंबाची तपासणी अंतर्भूत करण्यात आली आहे. पहिल्या दोन वर्षांत मेंदू विशेष संस्कारक्षम असल्याने या काळात सुरू झालेल्या उपचारांचे फळ अधिक मिळते. ‘पुढे चालेल आपोआप’ या समजुतीने घालविलेले महिने भरून काढणे कठीण असते. चार महिन्यांचे मूल मान धरीत नसल्यास, दहाव्या महिन्यापर्यंत आधाराशिवाय बसत नसल्यास, दीड वर्षानंतरही चालत नसल्यास, पहिल्या वर्षातच एकच हात वापरत असल्यास किंवा आलेली हालचाल गमावत असल्यास त्यास विनाविलंब बालरोगतज्ञास दाखविणे इष्ट असते.