दोन संघ, दोन ऑलिंपिक पदके : प्रशिक्षक ह्यू मॅक्कचन

अमेरिकेच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही राष्ट्रीय व्हॉलीबॉल संघांना ऑलिंपिक पदक मिळवून देणारे प्रशिक्षक म्हणून ह्यू मॅक्कचन ओळखले जातात. मात्र, त्यांच्या कारकिर्दीची खरी कसोटी लागली ती ते मैदानाबाहेर असताना.

मॅक्कचन यांचा जन्म १९६९ मध्ये न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च येथे झाला. न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाकडून ते खेळले. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात शिक्षण घेतल्यानंतर तेथेच त्यांनी सहायक प्रशिक्षक म्हणून काम केले. २००५ मध्ये अमेरिकेच्या पुरुष संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली. त्याआधी अथेन्स ऑलिंपिकमध्ये हा संघ चौथ्या क्रमांकावर राहिला होता. २००८ च्या जुलैमध्ये या संघाने वर्ल्ड लीगचे पहिले विजेतेपद पटकावले.

त्यानंतर महिन्याभरातच आघात झाला. ९ ऑगस्ट २००८ रोजी, बीजिंग ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी, ड्रम टॉवर येथे एका हल्लेखोराने केलेल्या चाकूहल्ल्यात मॅक्कचन यांचे सासरे मृत्युमुखी पडले, तर सासूबाई गंभीर जखमी झाल्या. मॅक्कचन कुटुंबीयांसमवेत राहिले. पहिल्या तीन सामन्यांत सहायक प्रशिक्षक रॉन लार्सन यांनी धुरा सांभाळली आणि हे तिन्ही सामने संघाने जिंकले. मॅक्कचन परतले, त्यानंतर उपांत्यपूर्व फेरीत सर्बियाला आणि उपांत्य फेरीत रशियाला पाच सेटमध्ये नमवून संघाने अंतिम फेरी गाठली. २४ ऑगस्टला ब्राझीलवर ३-१ अशी मात करून अमेरिकेने तब्बल वीस वर्षांनी सुवर्णपदक मिळवले. प्रशिक्षक नसतानाही घडी न विस्कटणारा संघ त्यांनी उभा केला होता, हेच त्या तीन सामन्यांनी दाखवून दिले.

त्यानंतर त्यांनी महिला संघाची जबाबदारी स्वीकारली. लंडन ऑलिंपिकमध्ये २०१२ साली हा संघ अपराजित राहून अंतिम फेरीत पोहोचला. ब्राझीलविरुद्ध पहिला सेट त्यांनी २५-११ असा सहज जिंकला. पण पुढचे तीन सेट गमावल्याने रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. महिलांच्या पहिल्यावहिल्या सुवर्णाचे स्वप्न त्या दिवशी हुकले.

लंडननंतर मॅक्कचन मिनेसोटा विद्यापीठाच्या महिला संघाकडे वळले. त्यांच्या पत्नी, माजी ऑलिंपिक खेळाडू एलिझाबेथ बाखमन, याच राज्यातील. २०१५, २०१६ आणि २०१९ मध्ये या संघाने राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली. विजेतेपदाने मात्र हुलकावणी दिली. २०२२ च्या हंगामानंतर त्यांनी हे पद सोडले.

लंडनमध्ये निसटलेले सुवर्ण महिला संघाला २०२१ मध्ये टोकियोत मिळाले. त्या वेळी प्रशिक्षक होते कार्च किराय, लंडनमधील मॅक्कचन यांचे सहायक. बीजिंगमध्ये लार्सन, टोकियोत किराय. मॅक्कचन यांच्या हाताखाली घडलेल्या सहायकांनी त्यांच्या अनुपस्थितीतही यश खेचून आणले. त्यांच्या कारकिर्दीचे मोल केवळ पदकांत मोजता येत नाही, ते यासाठीच.